सहीचा रकाना

वकील म्हणाला, यादी करा. तारखांसकट.
कार्ला कधी यायची होती आणि आली नाही,
आली तेव्हा कुठल्या अवस्थेत,
शाळेचा फोन कुणी उचलला.

मी कॅलेंडरांचा गठ्ठा काढला.
नऊ वर्षांची, बँकेनं फुकट दिलेली,
दर महिन्याला आमच्या सरोवरातला एक मासा.
पर्चच्या चित्राखाली माझ्याच अक्षरात:
क. दुपारी दोनला येणार.
त्यापुढे काही नाही.
रिकामी जागा पुरावा म्हणून चालते का, विचारलं.
चालते, म्हणाला.

टॉइव्हो यादीत काही घालत नाही.
गॅरेजात जाऊन बर्फ फोडायच्या पहारीला धार लावतो.
धार आधीच आहे.

नातवंड म्हणजे दुधावरची साय, असं म्हणतात,
म्हणतात आणि हसतात.
साय आपल्या वाटीत राहावी म्हणून
दूध नासलंय असं शपथेवर सांगावं लागतं,
हे कुणी बोलत नाही.
आणि दूध माझंच.

ती आता चौदा महिने शुद्धीत आहे.
डुलुथला दाताच्या दवाखान्यात नोकरी, भाड्याची दोन खोल्यांची जागा.
तिच्या वकिलानं फोटो जोडलेत:
निळी चादर घातलेला पलंग,
टेबलावर दिवा, दिव्याला अजून किमतीची चिठ्ठी.
मला त्या चिठ्ठीचा राग यायला हवा होता.
मी फोटो उलटा ठेवला आणि भांडी घासली.

सोरेन पंधराचा. रात्री अकराला
पीठ मळायच्या भांड्यात दूध-सिरियल खातो,
उभ्यानंच, फ्रिजचं दार उघडं टाकून.
त्याच दारावर चुंबकाखाली अर्ज आहे,
शिकाऊ लायसन्सचा.
आई, वडील किंवा कायदेशीर पालक: सही.
आमचा हंगामी हुकूम तेवीस मार्चला संपतो.
त्यानं अर्ज तिथं लावला आणि एक शब्द बोलला नाही.

फेब्रुवारीत टॉइव्हो त्याला गोठलेल्या सरोवरावर घेऊन गेला,
जुना पिकअप, मागे वाळूची पोती.
मी किनाऱ्यावर थर्मास घेऊन.
गाडी फिरली, आडवी झाली,
आणि बर्फावरून टॉइव्होचा आवाज आला:
ब्रेक नको! घसरतेय तिकडेच वळव!
हेच, असंच तो ओरडला होता
कार्लाला, तीही पंधराची असताना.
ती मुद्दामच गरगर फिरवत होती गाडी,
हसणं इथपर्यंत ऐकू येत होतं.
हे यादीत कुठं बसवू?

न्यायाधीश बाईंनी त्याला आत बोलावलं, एकट्याला.
अकरा मिनिटं.
बाहेर आला. काय विचारलं रे?
भूक लागलीय, म्हणाला.

कॉरिडॉरच्या टोकाला कार्ला,
खाऊच्या मशीनपुढे, चांगला कोट घालून.
मशीन तिची नोट घेईना.
ती सरकवायची, ते परत जीभ काढायचं.
दोन्ही वकील आपापल्या फोनमध्ये.
माझ्या खिशात सुटे होते.
हात घातला, तर आधी कागद हाताला लागला,
मीच फाडलेला, वकिलाला न दिलेला, एका जुलैचा:
क. आली. सोरेनला पोहायला शिकवलं.
अंधार पडला तरी दोघं पाण्यातच.
जेवण गार झालं.

तोवर सोरेन तिच्याजवळ गेला होता.
नोट घेतली, जीन्सवर घासली,
चारी कोपरे नखानं सरळ केले,
टॉइव्हो करतो तसे,
आणि मशीननं ती गिळली.

पाकीट खाली पडलं.
तिनं फोडून आधी त्याच्यापुढे धरलं,
मग जरा थांबून आमच्याकडे.
टॉइव्होनं एक चिप घेतली.
मी नको म्हणाले.
कागद अजून मुठीत होता.