पन्नासावं मिनिट

नाग नदीचं पाणी मी अशोक चौकाच्या पुलावरून काढलं,
बाटलीच्या गळ्याला सुतळी, सुतळीला दगड.
पाणीपुरीवाला गाडी पुसता पुसता थांबला:
"काहून बाई, हे पाणी कशाले पाह्यजे?"
म्हटलं, यात कोणीतरी राहतं.
तो जरा मागे सरकला.

गाळलं. पुन्हा गाळलं.
जे उरलं ते दिसत नाही:
एक डोकं, एक शेपूट,
डोक्यात गुंडाळलेली एक चिठ्ठी.

मे महिना. बाहेर दिवसा सेहेचाळीस,
इन्क्युबेटरमध्ये सदतीस.
उईके मॅडम म्हणतात, जंतू मजेत आहेत,
आपणच आपल्या कूलरचा वाळा भिजवत बसायचं.

रात्री सव्वादोनला विषाणू टाकला.
फ्लास्क ताकासारखा गढूळ.
दर पाच मिनिटांनी मी एक आकडा लिहिते.
शून्य दशांश सहा. शून्य दशांश सहा दोन.
आतलं काही आकड्याला कळत नाही.
पेशी जाडजूड, खाऊनपिऊन सुखी,
आणि तिच्याच चुलीवर, तिच्याच पिठामिठानं
परक्याचा स्वयंपाक होऊन राह्यला.

मग होलिन.
आतल्या पडद्यात येऊन बसतं. नुसतं बसतं.
एक, दहा, हजार,
मयतीच्या घरी सतरंजीवर माणसं जमावीत तसं.
कोणी बोलत नाही.
आणि कुठल्या खुणेनं कोण जाणे
सगळी एकदम सरकतात
आणि जिथे बसली होती तिथे भोक.

दुसरं तोवर पडद्याआड उभंच होतं.
हाती कात्री, पण वाट नव्हती.
पुस्तकात तिला पेशीभित्तिका म्हणतात.
भिंत नाही ती.
मी पाचपावलीच्या कोष्ट्याची पोर, मला विचारा.
वीण आहे ती.
साखरेचे लांब धागे, त्यांना आडवे टाके,
आणि आतून पाण्याचा ताण.
मागावर ताण किती ठेवायचा
ते बाबांच्या अंगठ्याला कळायचं, त्यांना नाही.
चार टाके उसवले की पुरे,
पुढचं कापड स्वतःच स्वतःला फाडतं.

तिसऱ्याचं नाव मी तोंडी परीक्षेत विसरले होते. स्पॅनिन.
मधलं कापड गेलं की
अस्तर ओढून बाहेरच्या पडद्याला भिडवतं,
आणि झालं. उघडं.

तीन वाजून पाच. पन्नासावं मिनिट.
शून्य दशांश सात एक.
शून्य दशांश चार.
शून्य दशांश एक.
ताकाचं पाणी झालं. फ्लास्कपलीकडची माझी बोटं दिसली.
आभाळ निवळतं, ताप निवळतो,
दोन भावांतलं भांडणसुद्धा कधीकधी निवळतं.
या निवळण्याला काय म्हणावं
मला अजून सुचलेलं नाही.

शेजारच्या फ्लास्कमध्ये दुसरा.
त्याच्या होलिनमध्ये एक अक्षर चुकलेलं.
चार वाजले, पाच वाजले, ताक ते ताकच.
आत पिल्लं शंभर, दोनशे, पाचशे,
कात्र्या धार लावून तयार,
आणि भोक पाडणारं कोणी नाही.

मॅडम आल्या. चष्मा कपाळावर.
"क्लोरोफॉर्म. दोन थेंब."
टाकले. हलवलं.
तेवढ्यात निवळलं.
इतकं सगळं आत पूर्ण होऊन बसलं होतं
आणि दोन थेंबांची वाट बघत होतं.

वहीत लिहिलं: पाच वाजून वीस. शून्य दशांश शून्य आठ.
फ्लास्क ब्लीचमध्ये बुडवला.

बाबांच्या मागाच्या खोलीला अकरा वर्षं कुलूप आहे.
शेवटचं लुगडं अर्धं विणलेलं, तसंच मागावर.
किल्ली माझ्या पर्समध्ये, हॉस्टेलच्या किल्लीशेजारी.

बाहेर पोह्यांच्या ठेल्यावर तर्री उकळायला लागली होती.
फोन लावला. ते जागेच होते.
विचारलं, बाबा, धोटा तिथेच आहे का अजून?
पलीकडे पंख्याचा आवाज, बराच वेळ.
"असन," म्हणाले.
"उघडून पाह्य ना."