रात्रीची मोजणी

एकतीस वर्षं भूमी अभिलेखात काढली,
देवगड, कणकवली, परत देवगड.
आता माझ्या ताब्यात चार फूट पाणी आहे.

टाकी निनादची. तो जहाजावर गेला
आणि मागाहून थर्माकोलचा डबा आला.
आत तीन पिशव्या, प्रत्येक प्रवाळाला वेगळी,
एसटीत भांडखोर पोरांना
लांबलांबच्या बाकांवर बसवतात तशी.
फोन तुटत तुटत लागला:
बाबा, गॅलेक्सियाला कोपरा द्या.
बाबा, ती दिसते तशी नाही.

दिसते कशी, तर हिरवी, बारीक चांदण्यांची,
बाळाच्या कुंचीवर टिकल्या शिवाव्यात तशी.
मी पट्टी लावली. तिच्यात आणि हॅमरमध्ये
बारा सेंटिमीटर.
वहीत नकाशा काढला: उत्तरेचा बाण,
प्रमाण, तारीख, खाली सही,
आणि हाताला सवय म्हणून
लगतधारकांची हरकत नाही.

पद्मजा ओट्यापाशी होती, वळली सुद्धा नाही.
"आता पाण्यातय हद्दी दिसूक लागल्यो तुमका?"

तिसऱ्या सकाळी हॅमरची एक बाजू पांढरी.
मांस विरघळून गेलेलं, आतला चुना उघडा.
गॅलेक्सिया जागची हललेली नाही.
पट्टी पुन्हा लावली.
बाराच.

असं एकदा मुणग्याला झालं होतं.
तिर्लोटकर आणि पुजाऱ्यांच्या मधला गडगा
मी तीन वेळा मोजला,
तिन्ही वेळा कागदाशी जुळला,
तिन्ही वेळा पुजाऱ्यांची म्हातारी पायरीवरून म्हणाली,
"तुमी दिसाचे येतास."
मी हसलो होतो. शिपायालाही हसू दिलं होतं.

रात्री दोनला उठलो.
बॅटरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद बांधला,
कारण पांढरा उजेड पडला की ते मिटतात.
गुडघे टेकून बघितलं.

चांदण्यांमधून तंतू निघाले होते,
जाळ्याच्या तंगुसासारखे, असून नसल्यासारखे,
टोकाला पांढरा ठिपका.
पंप जिकडे पाणी ढकलत होता तिकडे सगळे वाकलेले,
झोपेतला माणूस अंथरुणात चष्मा चाचपतो
तसे हळू, घाई नसलेले.
काचेला पट्टी टेकवली.
अठरा. एक तर वीस.

सकाळी गॅलेक्सिया उचलली,
प्रवाहाच्या पार खालच्या अंगाला ठेवली,
जिच्यापुढे नुसती काच.
हॅमरला मात्र टॉर्चच्या शेजारी जागा दिली.
ती दोघं एका घराण्यातली,
अंगाला अंग लागलं तरी चालतं, निनाद म्हणाला.
मी दोनदा विचारलं. भाऊबंद? आणि चालतं?
लाईन खरखरली, मग तो म्हणाला, हो, बहुतेक वेळा.
एकतीस वर्षांत हा शेरा
मला एकाही फायलीवर मारता आला नाही.

परवा लाईट गेली, पंप बंद पडला.
तंतू होते तिथेच खाली लोंबले,
कुणाच्याच दिशेचे नाहीत.
दोनशे पावलांवर समुद्र आपला चालूच होता.
तिथेही खडकाच्या पोटाशी हेच चाललं असणार,
कुणी मोजायला येत नाही म्हणून
कमी नाही, जास्त नाही.
मी बादलीतून तांब्या तांब्या पाणी घालत
तासभर हवा खेळती ठेवली. सगळ्यांसाठीच.
तिच्यासाठीसुद्धा.

वहीतला जुना नकाशा खोडला नाही.
शेजारी दुसरा काढला, बाण पंपाकडून.
हद्दीची रेघ ओढायला घेतली
आणि पेन उचलत उचलत तुटक ओढली.
म्हातारी आता नाही. गडगा आहे.
खाली शेरा लिहिला:
मोजणी रात्री दोन वाजता.
लगतधारक जागे.