गुणलेखक

मानपत्रात लिहायचं होतं 'गेली इतकी वर्षं',
आकडा कुणालाच नक्की ठाऊक नव्हता,
म्हणून मी क्लबचं लोखंडी कपाट उघडलं.
आत बोरिक पावडरचा वास,
एक पाय तुटलेला कॅरमचा स्टँड,
पंख झडलेली शटल्स, आणि वह्या.
बत्तीस वह्या, खाकी पुठ्ठ्याच्या,
सुतळीनं बांधलेल्या.

सातपूरची थंडी, दुसरी पाळी सुटलेली,
हॅलोजनभोवती किडे,
आणि टूल रूम विरुद्ध फौंड्री.
कुणाची पकड झाली, कुणी बोनस घेतला,
गुडघा कुणाचा फुटला, कँटीनमधून हळद कुणी आणली,
सगळं आहे.
एका पानावर तर हेही:
'पंचांना शिवी दिली. कोणती ते लिहीत नाही.'

दगूअण्णा पेखळे हे नाव मात्र
कुठेच नाही.

नसणारच.
लिहिणाऱ्याला कुठल्या रकान्यात घालायचं?
मग मी नाव शोधणं सोडलं
आणि अक्षर शोधू लागलो.
पाचव्या वहीत, फेब्रुवारीत, ते पहिल्यांदा दिसतं:
'ळ'ला गरज नसताना लांब शेपूट,
समासात वंगणाचा अंगठा.
तिथून पुढे तेच अक्षर.
मध्ये कधीतरी मोतीबिंदूमुळे ते मोठं होत जातं,
ऑपरेशननंतर पुन्हा नीट ओळीत बसतं.
एका आठवड्यापुरतं दुसरंच वळण आहे, गोल, घाईचं.
ते कुसुमताई गायधनींचं.
तेव्हा अण्णांची आई गेली होती,
आणि सामने तर ठरलेले होते.

चौदावी वही जवळपास कोरी.
संपाचं वर्ष.
गेटला कुलूप, मैदानात गाजरगवत,
आणि पहिल्याच पानावर दोन ओळी:
'सामने नाहीत.
जाळी भिजू नये म्हणून घरी नेली आहे.'

बत्तीस उणे चार.
मी 'अठ्ठावीस' लिहून स्मृतिचिन्हं कोरायला टाकली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सत्कार.
मोठे साहेब अंबडच्या युनिटमधून उशिरा आले,
तोवर चिवड्याची पाकिटं वाटून झाली होती.
कुसुमताईंनी शाल घेतली, खाली उतरल्या,
आणि शालीची घडी मोडू न देता
थेट थ्रोबॉलच्या पोरींकडे गेल्या,
कारण कुणाच्या तरी बुटाची नाडी तुटली होती.
अण्णा वर उभे राहिले,
हात कुठे ठेवायचे ते न कळून
मागे बांधून.
टाळ्या चालू असताना माझ्या कानाशी म्हणाले,
'पावती घेतली ना हो याची?'
आणि मग चिन्हावरचा आकडा चष्मा वर करून वाचत,
'संपाचं वर्ष धरलंत का?
सत्तावीस करायला हवं होतं.
त्या साली मी काही केलं नाही.'

मी जाळीचं बोलणार होतो.
पण माइकवर पुढचं नाव पुकारलं गेलं
आणि नारळ सांभाळत ते खाली उतरलेसुद्धा.

सोमवारी कपाट उघडलं.
तेहतिसाव्या वहीत नोंद झालेली होती,
'ळ'ची शेपूट तेवढीच लांब:

'सत्कार समारंभ. उपस्थिती चौऱ्याऐंशी.
सत्कारमूर्ती दोन, पैकी एक महिला.
चिवडा सहा पाकिटं कमी पडला.
स्मृतिचिन्हाची पावती मिळाली, जोडली आहे.
कॅरमच्या स्टँडला पाय बसवणे.'

नावं नव्हती.
पावती टाचणीनं लावलेली होती.
स्टँड
जागेवर नव्हता.