चार बोटं

आधी वाटलं, बांगडी घट्ट झाली असेल.
मग करंगळी रात्री बधिर व्हायला लागली,
आणि एका सकाळी कळण्याची भाकरी
थापता थापता हातातच फाटली.

चोपड्याच्या तहसील कचेरीत, रेकॉर्ड रूमला लागून
माझं टेबल. माझं म्हणजे सरकारचं:
सागवानी, डेडस्टॉक नंबर एकशे बारा.
दगाजी बोरसे अव्वल कारकून एकतीस वर्षं त्यावर लिहीत होते.
सहा फुटी माणूस, रजिस्टर, टाक.
मी पाच फुटांना दोन इंच कमी,
दिवसाला दीडशे उतारे टाइप करते
खांदे कानांशी नेऊन,
जसं कुणी सारखं काही विचारतंय
आणि मला माहीत नाही.

दार बसत नव्हतं म्हणून उखर्डू मिस्तरी आले.
दाराचं राहिलं, माझ्याकडेच बघत बसले.
"ताई, खांदा कसाले चढाई ठेयेल शेतस?
टेबल उच्चं शे.
रंधा मारानं लाकूड कोपरना खाले पाहिजे,
नहीं ते चाळिशीमाच हात जास.
कापी टाकू का? चार बोटं."

क्षणभर मी माझीच बोटं मुठीत लपवली.

साहेब म्हणाले, शासकीय मालमत्ता आहे.
पाय कापायचे तर प्रस्ताव, तीन प्रतींत, जळगावला.
तोही मीच टाइप केला, त्याच हातानं.

मग टेबल सोडून बाकी सगळं उचललं.
खुर्चीखाली बाभळीचे ठोकळे.
पाय लोंबायला लागले, तर त्यांच्याखाली
केळीची क्रेट, उलटी.
माऊसची वायर पुरेना,
पावरा शिपायांनी सीपीयूच उचलून जवळ आणला.
स्क्रीन डोळ्यांसमोर यायला
चौऱ्याहत्तर सालची पीकपाहणी, तीन खंड:
कापूस, दादर, भुईमूग.
कुणाकुणाची शेतं
माझ्या नजरेला टेकू देऊन उभी.

आता तासातून दोन-तीनदा
रांगेतल्या माणसाला म्हणते, थांबा दादा,
हात मांडीवर सोडते
आणि खिडकीतून सातपुड्याकडे बघते.
तोही मान वळवून बघतो.
त्याला वाटतं, तिकडून काही येतंय.

करंगळी अजून पूर्ण माझी नाही.
पण परवा भाकरी अख्खी तव्यावर गेली.

जळगावहून उत्तर नाही.
मिस्तरी राहिलेलं दार बसवायला पुन्हा आले,
चहाचा ग्लास डाव्या हातानं धरला.
मी विचारलं नव्हतं. त्यांनीच उजवा पुढे केला:
अंगठा मिटत नाही,
रंध्याची मूठ धरायला निघाला
आणि तसाच राहिला.
"पहिला ठिय्या बापना व्हता," म्हणाले.
घोट घेतला.
"बाप उच्चा व्हता."