काळं फडकं

पहिल्या वेताची पाठ, सव्वा वर्षाची.
कपाळावर पांढरं बोट ओढलेलं, म्हणून नाव चांदी.
पौषात व्याली, दोन पिल्लं.
चौथ्या दिवसापासून लाथा मारू लागली.

"माय नाई हे, वैरीण हाये," कवडाबाई म्हणाली.
"घरात दोन बाळतिनी, दोघीबी नखऱ्याच्या.
इले तं बाजार दाखवतो मी."

मी पशुसखी. निळी पेटी, एक थर्मामीटर
आणि घरचं काळं फडकं,
गळायला लागलेल्या छत्रीचं फाडून घेतलेलं.

वाटीवर फडकं ताणलं. पहिली धार.
उजव्या सडाची निथळून गेली.
डाव्या सडाची वरच राहिली:
नासल्या दुधाच्या कण्या, पिवळं पाणी,
रक्ताचा एक बारीक दोरा.

कास तापलेली, आत घट्ट.
याला दगडी म्हणतात.
हा शब्द कुणी पुस्तकात बसून केला नाही,
कुणाच्या तरी बोटांनी केला,
अंधारात, धार काढताना.

मी सांगत होते :
ओली माती काढा, खाली चुना मारा,
डावं दूध पिल्लांना नको, खड्ड्यात गाडा,
कास शेका, पिळून रिकामी करा,
डॉक्टर सांजेला येतील.
ती लाथ मारते कारण तिला दुखतं.

दारात प्रणिता उभी होती, कवडाबाईची सून.
बाळ उजव्या कुशीत, डावा हात पदराखाली.
चांदीकडे नाही, फडक्याकडे बघत होती.
"ताई," म्हणाली. पुढे काहीच नाही.

मी पेटीतून थर्मामीटर काढला
आणि परत ठेवला. तो बकऱ्यांचा.
तिच्या कपाळाला तळहात लावला.
"किती दिस झाले?"
"चांदीच्या आधीपासून."

कवडाबाईने शेकायचं पाणी चुलीवरून उतरवलं,
उभी राहिली थोडा वेळ,
मग त्याचे दोन भाग केले :
एक घमेल्यात, एक पितळी गंजात.

सांजेला चांदीचा डॉक्टर फटफटीवर आला.
प्रणिताला आरोग्य केंद्रात न्यायला
दुसरा दिवस उजाडला, दहाचा ऑटो.

फाल्गुनात गेले. चांदीची डावी बाजू सुकलेली.
पुढच्या वेताला भरेल, असं मी सांगितलं नाही.
दोन पिल्लं एका सडाला, ढुशा देत,
मोठं आधी, धाकटं त्याच्या पोटाखालून.
प्रणिता भिंतीकडे तोंड करून
बाळाला डावीकडून पाजत होती.
बाजाराचं कुणी काढलं नाही.

माझं फडकं हिवराच्या काट्यांवर वाळत होतं.
मागितलं, तर कवडाबाई म्हणाली,
"राहू दे वं. सगळ्यायची पाहतो मी आता, सकाऊन."