डबलसीट

ईरी सरोवराच्या काठाला काकडीचं रान.
ट्रॅक्टरच्या मागे दोन लांबलचक पंख,
पंखांवर आम्ही आठ जण पालथे.
वेल खालून सरकत जातात, आपण हात घालायचा.
दिवसभर पोट टेकलेलं, पोटासाठीच.
रात्री पाठ टेकायची बंकवर:
वर मी, खाली एगर्टन.

त्या यंत्रावर कुणाचं तोंड दिसत नाही.
हात दिसतात.
पहिला महिना मी त्याला हातांवरूनच ओळखत होतो.
उजव्या अंगठ्याला नख नाही,
मनगटावर भाजल्याचा डाग, लिंबाच्या चकतीएवढा.
खुडताना तो पुटपुटायचा.
मला वाटायचं, प्रार्थना असेल.
पुढे कळलं, मोजत होता.
काय मोजत होता ते त्यानं सांगितलं नाही,
विचारायला लागतात तेवढे शब्द माझ्याजवळ नव्हते.

तो जमैकाचा. मी ग्वातेमालाचा, चिमाल्तेनांगोच्या डोंगरातला.
माझी कक्चिकेल त्याला कळत नाही, स्पॅनिशही नाही.
त्याचं इंग्रजी तर मालकालाही कळायचं नाही.
दोघांत मिळून तीस शब्द असतील,
त्यातले सहा भाज्यांचे, चार शिव्या.

आणि एक सायकल.
चर्चमधल्या बाईंनी दिलेली, लेडीज, जांभळी,
पुढे वेताची टोपली.
मला सायकल येत नाही.
आमच्या गावाला उतारच असा
की शिकणारा पहिल्या दिवशीच दरीत.
त्याला येते, पण अंधार पडला की दिसत नाही.
म्हणून गुरुवारी, पगार झाला की, डबलसीट.
तो पेडल मारणार, मी कॅरिअरवर,
एक हात त्याच्या कमरेला, दुसऱ्यात टॉर्च.
येताना टोपलीत तांदूळ, माझ्या मांडीवर अंड्यांचा ट्रे.
लेफ्ट, मी म्हणायचो. राइट.
खड्ड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं,
म्हणून त्याला आमचा शब्द दिला: जुल.
जुल! म्हटलं की तो असा सफाईनं हँडल वळवायचा
जणू आमच्याच गल्लीत वाढला.

एकदा मक्याच्या शेतांमध्ये त्याचा फोन वाजला.
सायकल थांबवून तो बोलला,
मग नुसता ऐकत राहिला,
मग फोन बंद झाल्यावरही कानालाच धरून उभा.
मी टॉर्च विझवला.
तेवढंच मला करता आलं.

यंदा मे महिन्यात आलो तर खालच्या बंकवर
कुणी नवीन पोरगा, बूट घालूनच झोपलेला.
मुकादमाला विचारलं. त्यानं कागद उलटसुलट केला.
"यादीत नाही."
आजारी असेल, कंटाळला असेल,
कुणाला उलट बोलला असेल, दुसरीकडे बरं मिळालं असेल.
मेलाही असेल.
यादीत या सगळ्याला एकच शब्द.

सायकल शेडमध्ये होती, खताच्या पोत्यांमागे.
टोपलीत उंदरानं घर केलेलं.
ते झाडलं, हवा भरली,
आणि गुरुवारी तिला हाताला धरून निघालो.
सात किलोमीटर.
ती डांबरावरून, मी कडेच्या खडीवरून.
एका बाईनं गाडी हळू करून विचारलं, पंक्चर?
मी म्हटलं, येस.

परतताना काळोख.
तांदूळ टोपलीत, अंडी कॅरिअरवर सुतळीनं बांधलेली,
टॉर्च दातांत.
कालव्याच्या वळणावर तोच जुना खड्डा, अजून बुजवलेला नाही.
टॉर्च तोंडातून काढला आणि म्हणालो, जुल.
मोठ्यानंच म्हणालो.
मग हँडल वळवायचं मलाच आहे हे ध्यानात यायला
जरा उशीर झाला.

खोलीवर येऊन पाहिलं, दोन अंडी फुटलेली.
त्या पोराला उठवलं.
ती आधी तळली.