सत्तावीस नंबरची

महापे, एमआयडीसी. बाहेर भर दुपार,
आत मी रात्र लावते.
लाल दिव्याखाली घाटेअळीच्या माद्या,
हरभऱ्याच्या पिठावर वाढलेल्या,
परवाच कोषातून निघालेल्या,
एका डबीत एक.

सत्तावीस नंबरची पंख थरथरवते,
पोटाचं टोक बाहेर काढून धरते.
ही हाक आहे. मला तिचा वास येत नाही.
पलीकडच्या खोलीतल्या नरांना येतो;
ते जाळीवर आपटत राहतात,
खाली खवल्यांची राखाडी पूड.

जोडी जमली की नर बीजाची पिशवी देतो
आणि पिशवीतून निरोप:
पुरे आता हाका. अंडी घाल.
ती ऐकते. गंध आटतो,
दुसरे आले तर अंग चोरते.

मॅडम म्हणतात, त्या निरोपात बालसंप्रेरकही असावं.
म्हणजे तेच, जे अळीला अळी ठेवतं,
प्रत्येक कातीला बजावतं, मोठी होऊ नकोस.
तेच नर जपून ठेवतो, हिच्यात ओततो,
आणि हिची अंडी पिकतात.
मी दोनदा विचारलं.
दोन्ही वेळा मॅडम हो म्हणाल्या.

सत्तावीसला मात्र नर द्यायचा नव्हता.
फक्त नराच्या ग्रंथीचा अर्क,
केसाहून बारीक सुईने, पोटाच्या दोन वळ्यांमध्ये.
सुई माझ्याकडे असते, कारण माझा हात कापत नाही.
घणसोलीला आई खाडीतली कालवं फोडायची,
हात तिचा आहे.

त्या रात्री ती गप्प बसली.
त्यानंतर मलमलीवर अंडी, एकशे बारा,
खसखशीहून लहान, पिवळसर.
किती नेमकी चिकटवली होती, एकेक, अंतर राखून,
जणू प्रत्येकीला पान लागणार आहे.

चौथ्या दिवशी ती आत बसली,
चिंचोक्यासारखी नाही, जुन्या फुग्यासारखी.
एकाही अंड्यात काळं डोकं दिसलं नाही.
निरोप पोचला होता. पाठवणारा नव्हता.

निकाल उत्तम, मॅडम म्हणाल्या,
आणि जेवायला गेल्या.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: आज्ञाधारक.
मग खोडलं.
हाक बंद, असं लिहिलं.
पेन जड लागलं असावं;
मागच्या पानावरही उमटलंय,
पहिलंच, खोडलेलं.